बुचाच्या जमिनीला काय लावायचं: लॅकर, तेल की मेण

सिंकसमोर उभी राहिले की टाचेला काहीतरी कुरकुरीत चिकटायचं. आधी वाटलं कांद्याचं साल असेल, उचलून बघितलं तर नखाएवढा पातळ पारदर्शक पापुद्रा, आणि खाली जमिनीवर तेवढाच एक कोरडा मळकट ठिपका. त्यानंतर रोज झाडताना सुपलीत असे पाच-सहा पापुद्रे यायला लागले. नवीन लॅकर, म्हणजे वाळून कडक होणारा पारदर्शक थर, मारून जेमतेम आठ महिने झाले होते.

आम्ही जर्मनीत स्टुटगार्टला राहतो, जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर, फ्लॅट एका आजींकडून घेतला. हॉल आणि किचन एकत्र, शिवाय दोन खोल्या, आणि सगळीकडे कॉर्कची जमीन. इथे कॉर्क अगदी सर्रास दिसतो असं नाही पण कुणाला त्याचं नवलही वाटत नाही. थंडीत पायाला गार लागत नाही, मुलगी पडली तरी डोकं आपटल्याचा तो भयंकर आवाज येत नाही, आणि खालच्या मजल्यावरचे लोक शांत झोपतात. मला पहिल्या दिवसापासून ही जमीन आवडली म्हणून तिचं असं सोलपटणं बघून जीव कासावीस व्हायचा, खरंच.

फोनवर आईला सांगितलं की कॉर्कची जमीन आहे, तर ती म्हणाली कॉर्क म्हणजे बूच ना गं, बाटलीचं? हो तेच. मग तिला आमच्या पुण्यातल्या शाळेसमोरचं बुचाचं झाड आठवलं, ती लांब देठांची पांढरी फुलं जी आम्ही दोऱ्याशिवाय एकमेकांत विणून वेणी करायचो. ते झाड वेगळं. त्याची साल मऊ असते आणि हलक्या प्रतीचं बूच म्हणून वापरता येते इतकंच. जमिनीसाठी जे बूच लागतं ते भूमध्य समुद्राच्या आसपासच्या एका ओकची साल, आणि जगातलं साधारण निम्मं बूच एकट्या पोर्तुगालमधून येतं. आम्ही एकदा सुट्टीत तिकडे आलेंतेजू भागात गेलो होतो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ही झाडं होती, बुंधा खालून सोललेला, लालसर तपकिरी, आणि त्यावर पांढऱ्या रंगात एक मोठा आकडा. तो आकडा म्हणजे साल कधी काढली त्या वर्षाचा शेवटचा अंक. एकदा काढली की ९ वर्षं त्या झाडाला हात लावायचा नाही असा तिथे कायदाच आहे, आणि पहिल्यांदा काढायच्या आधी झाड साधारण २५ वर्षांचं व्हावं लागतं. झाड तोडत नाहीत, कुऱ्हाडीने अलगद साल सोडवून घेतात. हे बघून आलेल्या माणसाला आपल्या घरातली जमीन चुकीच्या डब्यामुळे खराब झाली की जास्तच लागतं.

तर मुद्दा. ते नवीन लॅकर मारायला आम्ही एकाला बोलावलं होतं, त्याने जुन्या जमिनीवर पुसून-बिसून सरळ नवीन लॅकर मारलं. दिसलं सुंदर. पण आजींनी त्या जमिनीला वर्षानुवर्षं मेणाचं पॉलिश लावलं होतं, हे आम्हाला नंतर शेजारच्या काकूंकडून कळलं. मेणावर लॅकर धरत नाही, कुठलंच नाही, कितीही महाग आणा. तव्यावर तेलाचा हात असताना धिरडं कसं सुटून येतं तसं ते सुटून येतं. हे तपासायला दोन मिनिटं लागतात आणि कुणीतरी ती घ्यायला हवी होती. सोफ्याखाली किंवा कपाटामागे, जिथे जमीन जुन्या अवस्थेत असते, तिथे पाण्याचे दोन-तीन थेंब ठेवा आणि दहा मिनिटांनी बघा. खाली पांढुरका डाग उठला तर वर मेण आहे. लॅकर असेल तर ते घट्ट बसलंय का ते बघायला कटरने बारीक जाळीसारख्या रेघा मारायच्या, वर चिकटपट्टी दाबून लावायची आणि झटक्यात ओढायची. पट्टीबरोबर चौकोन निघून आले तर वर काहीही मारण्यात अर्थ नाही, सगळं घासून काढावंच लागेल.

आणि घासण्यापूर्वी अजून एक गोष्ट बघायची, ती म्हणजे आपली टाइल आहे तरी काय. आम्ही दारातली उंबऱ्याची धातूची पट्टी काढली आणि टाइलची कड बघितली. ४ मिलिमीटर जाडी, वरपासून खालपर्यंत एकच रंग, एकच दाणा, खाली काँक्रीटला चिकटवलेली. म्हणजे अख्खी कॉर्कची, थोडी घासली तरी चालेल. पण कडेला थर दिसले, वर कागदाएवढी पातळ नक्षीदार चकती आणि खाली भुसा दाबल्यासारखं काहीतरी, तर ती वरची चकती एक मिलिमीटरही नसते, मशीन फिरवलं की गेलीच. एकमेकांत खटकन बसणाऱ्या ज्या फळ्या मिळतात त्यांच्या पोटात तर लाकडी भुशाचा दाबलेला बोर्ड असतो, त्याला फटीतून पाणी लागलं की कडा फुगतात. आणि काही फळ्यांवर कारखान्यातूनच प्लास्टिकचा थर येतो, त्यावर तेल लावून काहीच होत नाही, ते नुसतं वर तरंगत राहतं. त्यामुळे दुकानात जाऊन डबा निवडायच्या आधी खाली वाकून कड बघा एवढी विनंती.

आता मूळ प्रश्न, की बूच पाणी धरत नाही म्हणूनच बाटलीला लावतात ना, मग त्याला संरक्षण कशाला? मलाही हाच प्रश्न पडला होता. एका घन सेंटिमीटर बुचात साधारण ४ कोटी पेशी असतात, प्रत्येक बंद, आत हवा, आणि पेशीच्या भिंतीत सुबेरिन नावाचा मेणासारखा पदार्थ. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली जो पातळ काप बघून त्या खणांना सेल म्हटलं तो बुचाचाच होता. आतल्या पेशी बंद असतात, पण टाइल कापली की पृष्ठभागावरच्या पेशी उघड्या पडतात, लाखो बारीक वाट्या जणू, त्यात मळ बसतो. शिवाय टाइल म्हणजे एकसंध साल नव्हे, दाणे दाबून चिकटवलेले असतात, त्या दाण्यांच्या मधल्या फटीतून चहा, तेल, सगळं आत जातं. वरचं फिनिश त्या वाट्या आणि त्या फटी बंद करतं.

आणि दुसरी अडचण म्हणजे बूच दबतं. खुर्चीचा पाय रुतला की खड्डा पडतो आणि मग हळूहळू बराचसा भरून येतो. मग वरचा थरही त्याच्याबरोबर खाली गेला पाहिजे आणि परत वर आला पाहिजे. लाकडी पार्केटवर जे अगदी कडक लॅकर छान टिकतं ते बुचावर चालेलच असं नाही, कारण खालची जमीन मऊ आणि वरचा थर काचेसारखा असेल तर तडे जाणारच. डब्यावर "कॉर्कसाठी" असं स्पष्ट लिहिलेलं असायला हवं, नुसतं "लाकडी जमिनीसाठी" पुरत नाही.

दुकानात तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. शेवटी मी ठरवलं की आपल्या घरात काय सांडतं ते आपल्यालाच माहीत, हळदीच्या फोडणीचा डाग कुठल्याच डब्यावर लिहिलेला नसतो. केलरमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या तळघरातल्या आमच्या कोठीत, आजींनी उरलेल्या कोऱ्या टाइल्स ठेवल्या होत्या, त्याच, जमिनीवरच्याच. त्यातल्या सहा घेतल्या. एक तशीच कोरी ठेवली. एकीला डब्यातलं घट्ट मेण चोळलं. एकीला हार्डवॅक्स ऑइल, म्हणजे तेल आणि कडक मेण यांचं मिश्रण, दोन हात, अगदी पातळ. एकीला पाण्यावर आधारित साधं पॉलियुरेथेन लॅकर तीन हात. एकीला तेच पण हार्डनर, म्हणजे लॅकर कडक करणारं रसायन, मिसळायचं दोन डब्यांचं, तीन हात, हे नंतर ज्या कारागिराकडून काम करून घेतलं त्याने त्याच्या दुसऱ्या कामातून उरलेलं वाटीभर दिलं होतं. आणि सहावीला साधं लॅकरच पण मुद्दाम जाड, एकाच हातात ओतून. मग दहा दिवस कशालाही हात लावला नाही. लॅकर हाताला दुसऱ्या दिवशी कोरडं लागतं पण पूर्ण पक्कं व्हायला आठवडाभर तरी लागतो, त्याआधी टेस्ट केली तर ती खोटी.

दहा दिवसांनी किचनच्या ओट्यावर सगळ्या ओळीने मांडल्या आणि प्रत्येकीवर चार गोष्टींचे तीन-तीन थेंब: तेलात कालवलेली हळद, काळा चहा, चिंचेचा कोळ, आणि साधं पाणी. एक थेंब दहा मिनिटांनी पुसायचा, एक तासाने, एक रात्रभर.

कोरी टाइल तर दहा मिनिटांतच गेली, हळद दाण्यांच्या फटीत उतरून नदीच्या नकाशासारखी पसरली. मेणाच्या टाइलवर पाण्याने तासाभरात पांढरा डाग पडला आणि तेलाची हळद आत शिरली, कारण तेल मेणाला विरघळवत जातं. मेण दिसायला आणि हाताला सगळ्यात सुंदर आहे हे मात्र कबूल करायला हवं. अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटच्या फॉलिंगवॉटर या पेनसिल्व्हेनियातल्या घरात बाथरूमला कॉर्कच्या टाइल्स आहेत आणि त्यांना हाताने मेणच लावलेलं होतं, १९३० च्या दशकातलं काम. पण ज्या घरात रोज फोडणी होते आणि तीन वर्षांचं मूल आहे तिथे सतत मेण चोळत बसणं माझ्याच्याने होणार नाही.

हार्डवॅक्स ऑइलवर पाणी आणि चहा तासभर काहीच नाही झालं. चिंचेचा रात्रभरचा थेंब किंचित फिका गोल सोडून गेला. हळद तासाभराची पुसली गेली, रात्रभराची पिवळी राहिली. साध्या लॅकरवर रात्रभराच्या हळदीची अगदी पुसट सावली, आणि दोन डब्यांच्या लॅकरवर, मी खिडकीपाशी नेऊन तिरपी धरून बघितली, काही नाही.

इथे एक सांगते, हळद सांडली की साबणाच्या पाण्याने घासायला जाऊ नका. साबण, सोडा यांचा क्षार लागला की हळद लाल होते, चुन्याने हळदीचं कुंकू करतात तेच. आधी कोरड्या कागदाने तेल टिपून घ्यायचं, मग ओल्या फडक्यात सौम्य, न्यूट्रल क्लीनर. आणि जो पिवळा डाग तरी राहील तो उन्हात ठेवा. ऑइलवाली टाइल मी बाल्कनीत चार दिवस ठेवली, हळदीचा रंग उडाला. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही हे आपल्याकडे कपडे वाळत घालणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं, इथे ते कामाला आलं.

मग मी खलबत्त्यातला लोखंडी बत्ता गुडघ्याच्या उंचीवरून सगळ्या टाइल्सवर सोडला. खड्डा सगळीकडे पडला. फरक असा की ऑइल आणि पातळ तीन हातांच्या लॅकरवर फक्त खड्डा, आणि जाड एका हाताच्या टाइलवर खड्ड्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे. लॅकर जाड म्हणजे मजबूत हा माझा समज तिथे संपला. पातळ पातळ हात, मध्ये बारीक घासणी, हाच रस्ता.

शेवटची टेस्ट मला कुणी सांगितली नव्हती पण निर्णय तिच्यावरच झाला. प्रत्येक टाइलवर स्क्रू ड्रायव्हरने एक ओरखडा काढला आणि मग तो दुरुस्त करून बघितला. ऑइलच्या टाइलवर तेवढीच जागा बारीक सँडपेपरने घासली, फडक्याने थोडं ऑइल चोळलं, दुसऱ्या दिवशी ओरखडा कुठे होता ते मलाच शोधावं लागलं. लॅकरच्या टाइलवर तेच केलं तर नव्या लॅकरची गोल कड कायमची दिसत राहिली. लॅकरवाली जमीन झिजली की सगळी खोली एकदम हलकी घासून वर नवा हात मारायचा असतो, तुकड्यातुकड्यात ते जमत नाही. माझ्या आजीचं कोकणातलं घर आठवलं मला तेव्हा. माजघरात शेणाने सारवलेली जमीन आणि पुढच्या पडवीत कोबा. सारवलेली जमीन कुठे उखडली की आजी तेवढ्या भागावरून हात फिरवायची, झालं. कोब्याला वर्षानुवर्षं काही करायला लागायचं नाही, पण तडा गेला की गवंडी बोलवावा लागायचा. दोन्ही जमिनी एकाच घरात होत्या आणि प्रत्येक आपापल्या जागी बरोबर होती. मग आपण तरी अख्ख्या घराला एकच काहीतरी लावायचा हट्ट का धरायचा?

म्हणून हॉल-किचनला दोन डब्यांचं लॅकर आणि दोन्ही खोल्यांना हार्डवॅक्स ऑइल असं ठरलं. किचनमध्ये सांडलेलं मी दरवेळी दहा मिनिटांत बघेनच असं नाही, तिथे दाद न देणारं पाहिजे. खोल्यांमध्ये पायाला मऊ, उबदार लागणारं, आणि जिथे झिजेल तिथे मलाच हाताने नीट करता येणारं. सासूबाई उन्हाळ्यात तीन महिने येतात तेव्हा त्या देवापुढे जमिनीवरच बसतात, पाट घेत नाहीत, त्यांना लॅकरची जमीन गुळगुळीत, परकी वाटायची. ऑइलच्या टाइलवर त्यांनी व्हिडिओ कॉलवर माझा तळवा फिरताना बघितला आणि म्हणाल्या, हे लाकडासारखं दिसतंय गं, हे लाव.

आईने मात्र फोनवर सुचवलं होतं की एवढे महाग डबे कशाला, खोबरेल तेल चोळ की. हे बऱ्याच जणांच्या मनात येत असेल म्हणून लिहिते. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल कधी वाळत नाही, तसंच ओलं राहतं, धूळ धरतं, पुढे खवट वास येतो. जवसाचं तेल वेगळं, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून लाकडाला पूर्वापार तेच लावत आले. हार्डवॅक्स ऑइलमध्ये अशीच वाळणारी किंवा वाळू शकणारी तेलं आणि वर कार्नाउबासारखं कडक मेण असतं, ऑस्मो या कंपनीच्या डब्यावर तर सूर्यफूल, सोयाबीन आणि काटेरी थिसलचं तेल लिहिलेलं आहे.

याच गुणामुळे एक धोका आहे आणि तो अगदी गंभीरपणे घ्या. तेल ऑक्सिजन घेतं तेव्हा उष्णता तयार होते. तेलाने भिजलेलं फडकं चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकलं तर ती उष्णता आतच कोंडते आणि काही तासांत ते आपोआप पेट घेऊ शकतं, काडी नको, ठिणगी नको. मी सगळी फडकी बाल्कनीच्या कठड्यावर एक एक पसरून वाळवली, पूर्ण कडक झाल्यावरच टाकली. नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची.

लॅकरच्या बाबतीत काळजी वेगळी. नवऱ्याला दम्याचा त्रास आहे. दोन डब्यांच्या लॅकरमधल्या हार्डनरमध्ये बहुतेक वेळा आयसोसायनेट असतं, आणि ते ओलं असताना श्वासाला फार वाईट, दमा असलेल्याने तर जवळही थांबू नये. इथे जर्मनीत डब्यावर गिसकोड म्हणून एक कोड छापलेला असतो, तो वाचायला शिकले मी. डब्ल्यू म्हणजे पाण्यावर आधारित. पुढे १ असेल तर सॉल्व्हंट, म्हणजे वाळताना हवेत उडून जाणारं द्रावक, नाही, २ असेल तर ५ टक्क्यांपर्यंत, ३ असेल तर १५ टक्क्यांपर्यंत. आणि मागे डीडी असेल तर आयसोसायनेटवालं हार्डनर आहे असं समजायचं. युरोपात २४ ऑगस्ट २०२३ पासून असं आयसोसायनेट ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असलेला माल कामावर वापरणाऱ्यांना आधी ट्रेनिंग घ्यावंच लागतं. म्हणून हॉलचं काम मी स्वतः करायचा विचारही केला नाही. प्रमाणपत्र असलेला कारागीर बोलावला आणि लॅकरचे ते तीन दिवस आणि पुढचे दोन आम्ही तिघंही मैत्रिणीकडे राहिलो. घरात दमा असेल आणि बाहेर राहायची सोय नसेल तर साधं एका डब्याचं लॅकर घ्या, माझ्या टाइलवर ते फार मागे नव्हतं.

त्या कारागिराचं काम बघून मन भरलं. त्याने आधी अख्खी जमीन व्हॅक्यूम केली, मग १०० नंबरचा पेपर, मग १२०, मग १५०, मशीन एका जागी एक क्षणही थांबू न देता, कारण बूच मऊ, थांबलं की खळगा. कडेकडेने हाताने. मेण आत मुरलेलं असेल म्हणून किचनच्या भागात त्याने लॅकरचा एक हात कोपऱ्यात मारून रात्रभर ठेवला आणि सकाळी चिकटपट्टीची टेस्ट केली, मगच पुढे गेला. धूळ किती उडते काय सांगू, पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं, तपकिरी पीठ. मास्क सगळ्यांनी लावायचा. पहिला हात जमीन नुसती पिऊन टाकते, बघता बघता मॅट होते, आणि मग दोन हात वर बसतात. प्रत्येक हाताच्या मध्ये बारीक जाळीने घासून, पुसून. रोलर कायम ओल्या कडेकडून पुढे, मध्येच थांबून चहा प्यायचा नाही, नाहीतर जोड दिसतो. चकाकी आम्ही सिल्क मॅट घेतली. चकचकीत ग्लॉसवर ऊन पडलं की प्रत्येक ओरखडा ओरडून सांगतो.

खोल्यांचं ऑइल मी स्वतः लावलं. दोन शनिवार. त्यात चूक करायला एकच जागा आहे आणि ती म्हणजे जास्त लावणं. पोळीला तूप लावतो तेवढंच, खरंतर त्याहून कमी, आणि दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने चमकणारे भाग पुसून घ्यायचे. पहिल्या खोलीत एका कोपऱ्यात मी थोडं जास्त सोडलं होतं, तो कोपरा पाच दिवस चिकट राहिला, शेवटी घासून परत केला. कोऱ्या बुचाला पहिल्या हाताला डब्यावर लिहिलंय त्याहून बरंच जास्त ऑइल लागतं हे हिशेबात धरा, मला दुसरा डबा आणायला पळावं लागलं आणि शनिवारी संध्याकाळी दुकान बंद व्हायची वेळ.

आता १४ महिने झालेत. किचनमध्ये सिंकसमोर, जिथून सगळं सुरू झालं, तिथे जमीन जशीच्या तशी आहे. सुरी पडल्याची एक बारीक रेघ आहे ओट्याजवळ, ती आहे तशी राहू दिलीये. बेडरूममध्ये पलंगाच्या माझ्या बाजूला जिथे रोज पाय टेकतो तिथे ऑइल थोडं फिकं झालं होतं, अर्ध्या तासात चोळून टाकलं. देवापुढे समईचं तेल गळलं होतं ते त्याच दिवशी दिसलं नाही, गडद ठिपका पडला. घासून वर ऑइल लावल्यावर बराच गेला, थोडा आहे, आता खाली तांब्याचं ताम्हन ठेवते.

बाल्कनीच्या दाराशी ऊन येतं तिथे बूच फिकट व्हायला लागलंय. हे लॅकरने थांबत नाही, ऑइलने थांबत नाही, यूव्ही फिल्टर असलेलं घेतलं तर वेग कमी होतो फक्त. गालिचा टाकला तर त्याच्याखालची जमीन गडद राहते आणि उचलला की चौकोन दिसतो, म्हणून दर महिन्याला गालिचा थोडा सरकवते आणि दुपारी पडदा ओढते. रबराच्या तळाच्या मॅट अजिबात ठेवू नका, रबरातून काहीतरी सुटून लॅकर पिवळं करतं आणि तो डाग वरून पुसून जात नाही. आणि हिवाळ्यात तुळशीची कुंडी आत घ्यावी लागते, तिच्या बशीखाली ओल कोंडून राहिली आणि एक गोल उमटला तो उमटलाच, तिला आता चार लाकडी ठोकळ्यांवर ठेवलंय म्हणजे खालून हवा खेळते. पुसताना फडकं घट्ट पिळून. आईला आल्यावर बादली ओतून खराट्याने धुवायची सवय आहे, तिला मी हात जोडून थांबवलं. स्टीम मॉप आणि व्हिनेगर पण नको. खुर्च्यांना फेल्टच्या गाद्या लावल्यात, आणि त्या दर दोन-तीन महिन्यांनी उलट्या करून बघते कारण त्यात वाळूचा एक कण अडकला की तीच गादी पेपरसारखी घासत राहते.

त्या सहा टाइल्स मी टाकल्या नाहीत, मागे मार्करने काय लावलंय ते लिहून केलरमध्ये ठेवल्यात. स्टुटगार्टच्या आसपास कुणाच्या घरी कॉर्क असेल आणि ठरत नसेल तर येऊन हात लावून बघा, हवं तर आपल्या घरचं लोणचं घेऊन या आणि त्याचाही थेंब टाकून बघू, ते मी करून बघितलेलं नाही.